शुगरची गोळी कोणती, किती रुपयांची? मधुमेह आणि वजनाच्या औषधांची सविस्तर माहिती

पिंपळगाव बसवंत : द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा येतो. कांदा-टोमॅटोचा पैसा भाव मिळाला तर येतो. शुगरच्या गोळ्यांचं बिल मात्र दर महिन्याला येतं. त्यामुळे भाव पडला की काही घरांत सगळ्यात आधी गोळ्या बंद होतात. शुगर वाढली तरी लगेच काही दुखत नाही, म्हणून चालून जातंय असं वाटतं. पण आतून डोळे, किडनी, पायाच्या नसा आणि हृदय खराब होत राहतं. पाच-सात वर्षांनी त्याचा खर्च निघतो तो गोळ्यांच्या कितीतरी पट असतो.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा आता फक्त शहरातला आजार राहिलेला नाही. या आजारात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. बहुतेकांना जी औषधं आधी लागतात, तीच बाजारात सगळ्यात स्वस्त आहेत. कोणती औषधं, कुठे आणि कशी घ्यायची, ते खाली दिलं आहे.

आधी शुगर खरंच आहे का ते पक्कं करा

शिबिरात बोटातून रक्त काढून केलेली तपासणी फक्त अंदाजासाठी असते. निदान लॅबच्या रिपोर्टवर होतं.

- उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त : मधुमेह. १०० ते १२५ : उंबरठ्यावर.
- एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी) ६.५ टक्के किंवा जास्त : मधुमेह. ५.७ ते ६.४ : उंबरठ्यावर.

काही त्रास नसेल तर एकाच रिपोर्टवर डॉक्टर निदान करत नाहीत, पुन्हा तपासणी करतात. गोळी सुरू करण्याआधी किडनीची तपासणी (क्रिएटिनिन) करून घ्या, कारण किडनी कशी आहे त्यावर गोळी आणि डोस ठरतो. उंबरठ्यावर असलेल्यांनी वजन उतरवलं, रोज चाललं आणि ताटातला भात, साखर कमी केली तर आजार लांबतो, कधी टळतोही.

कोणती गोळी काय करते?

चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं, पण पाकिटावर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय लावा. नेहमी लागणारी नावं अशी :

*मेटफॉर्मिन* : बहुतेकांची सुरुवात याच गोळीने होते. जुनी, खात्रीची आणि अगदी स्वस्त. एकट्या या गोळीने शुगर सहसा एकदम खाली जात नाही, वजनही वाढत नाही. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून जेवणासोबत घ्यायची. बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, ते अधूनमधून तपासावं. किडनी जास्त खराब असेल तर ही गोळी चालत नाही.

*ग्लिमेपिराइड* : हीसुद्धा स्वस्त आहे आणि शुगर लवकर खाली आणते. पण गोळी घेतली आणि जेवण राहिलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. सकाळी गोळी घेऊन तसंच छाटणीला किंवा कांदा काढायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. एकादशी, नवरात्राच्या उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. थोडं वजनही वाढतं.

*सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन* : यांनी शुगर सहसा एकदम पडत नाही आणि वजन आहे तेवढंच राहतं. म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर ही बऱ्याचदा देतात. सिटाग्लिप्टिन आणि विल्डाग्लिप्टिनचे भाव पेटंट संपल्यापासून खाली आले आहेत.

*डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन* : जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना यांचा वेगळा फायदा होतो. लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते, त्यासाठी स्वच्छता ठेवावी. उन्हात काम असेल तर पाणी भरपूर प्या. उलट्या-जुलाब झाले किंवा कडक उपवास असेल तर गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारा.

*पायोग्लिटाझोन* : स्वस्त आहे, पण पायावर सूज येते, वजन वाढतं. हृदय कमजोर असलेल्यांना चालत नाही.

हात थरथरणं, घाम सुटणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही शुगर खाली गेल्याची लक्षणं आहेत. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा आणि मग जेवायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. शेतात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवलेली बरी.

औषध तेच, भाव वेगळा

एखाद्या औषधाचं पेटंट असेपर्यंत ते एकच कंपनी विकते आणि भावही तीच ठरवते. पेटंट संपलं की दुसऱ्या कंपन्या तेच औषध बनवतात आणि भाव पडतो. एम्पाग्लिफ्लोझिनचं उदाहरण बघा. मार्च २०२५ पर्यंत एक गोळी जवळपास ६० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १८०० रुपये. ११ मार्च २०२५ ला पेटंट संपलं आणि काही कंपन्यांनी तीच १० मिलीग्रॅमची गोळी साडेपाच रुपयांच्या आसपास आणली. महिन्याचे झाले १६५ रुपये. तरी जुन्या चिठ्ठीवर जुनाच ब्रँड असेल आणि कोणी विचारलं नाही, तर माणूस महागडीच गोळी घेत राहतो.

जनऔषधी केंद्राचंही तसंच. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे सिटाग्लिप्टिन आली, ५० मिलीग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना. सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेल्या (५०/५००) दहा गोळ्या ६५ रुपयांना. तेव्हा ब्रँडच्या दहा गोळ्या साधारण १६० ते २६० रुपयांना मिळत होत्या. दिवसाला दोन गोळ्या धरल्या तर महिन्याला ३९० रुपये, आणि ब्रँडच्या साडेनऊशे ते पंधराशे. जवळचं केंद्र आणि तिथले भाव 'जनऔषधी सुगम' या मोबाइल ॲपवर दिसतात.

मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेनेलिग्लिप्टिन, इन्सुलिन अशा अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवून देतं. ती 'फार्मा सही दाम' ॲपवर बघता येते. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा, तसंच ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. बिल घेताना ते तपासा.

चिठ्ठी घेताना काय बोलायचं?

चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर मेडिकलवाल्याला नियमाने स्वतःच्या मनाने दुसरं औषध देता येत नाही. म्हणून विचारायचं ते डॉक्टरांनाच. लाजू नका. एवढंच म्हणा, "डॉक्टरसाहेब, महिन्याला एवढेच पैसे निघतात. औषधाचं मूळ नाव लिहून द्या, जनऔषधीतून घेतो." आणखी हे विचारा :

१. ही गोळी कशासाठी आहे, आणि नाही घेतली तर काय होईल?
२. हेच काम करणारी स्वस्त गोळी आहे का?
३. दोन-तीन औषधं एकाच गोळीत आहेत का? वेगवेगळी घेतली तर स्वस्त पडतील का?
४. चिठ्ठीतली कोणती औषधं चुकवून चालणारच नाही? टॉनिक, जीवनसत्त्वाच्या गोळ्या खरंच लागतात का?
५. उपवासाला, आजारपणात गोळी कशी घ्यायची?

चौथा प्रश्न महत्त्वाचा आहे. बऱ्याच चिठ्ठ्यांत शुगरच्या गोळीपेक्षा टॉनिकचं बिल मोठं असतं. पैसे कमी पडले की माणूस नेमकी शुगरची गोळी सोडतो आणि ताकदीची घेतो. हे उलटं करायला हवं. मात्र बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी 'जास्तीची' समजून सोडू नका. शुगरवाल्यांना हार्ट अटॅकपासून वाचवायला ती तेवढीच लागते.

सरकारी दवाखान्यात काय मिळतं?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालयात, केसपेपर, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर-बीपी तपासणी गावपातळीवर आशाताई आणि उपकेंद्रामार्फत होते. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या तिथे मिळतात. साठा संपला असेल तर पुन्हा कधी येणार ते विचारा आणि घरातल्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच जा. महिनाभराच्या गोळ्या एकदम मागा, म्हणजे फेरीचं भाडं आणि बुडणारी मजुरी वाचते.

शुगर गोळ्यांनी आटोक्यात येत नसेल, किडनी-हृदयाचा त्रास असेल, तर फिजिशियनला दाखवावं. त्यासाठी नाशिकचं जिल्हा रुग्णालय आहे, आणि वाटेत आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे.

एक गैरसमज दूर करायला हवा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यादीतल्या ऑपरेशन आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. मेडिकलमधून दर महिन्याला घेतलेल्या गोळ्यांचं बिल त्यातून मिळत नाही.

इन्सुलिन लागलं म्हणजे शेवट आला असं नाही

साधं इन्सुलिन बाटलीतून घेतलं तर स्वस्त पडतं, पेनचं महाग असतं. बाटली घेताना एक गोष्ट जपा. आपल्याकडे बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, त्यांना ४० युनिटचीच सिरिंज (लाल टोपणाची) लागते. १०० युनिटच्या सिरिंजने (नारिंगी टोपणाची) घेतलं तर डोस चुकतो. ज्यांची नजर कमी आहे, त्यांच्यासाठी घरातल्या कोणीतरी हे दर वेळी बघावं.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. फ्रिज नसेल किंवा लाइट जात असेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून पाण्याच्या माठात ठेवतात, ते चालतं. उघडलेली बाटली साधारण २८ दिवसांत संपवावी.

वजन कमी करणारी इंजेक्शनं : घ्यावीत का?

मोबाइलवर सध्या याचीच चर्चा जास्त आहे. मौंजारो (टिर्झेपाटाइड) भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. तेव्हा अडीच मिलीग्रॅमची बाटली ३५०० रुपयांना आणि पाचची ४३७५ ला होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४ ते साडेसतरा हजार. वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) जून २०२५ मध्ये आलं तेव्हा महिन्याला १७ ते २६ हजार होतं, नोव्हेंबरमध्ये सुरुवातीच्या डोसचा भाव १०,८५० पर्यंत उतरवला. डिसेंबरमध्ये ओझेम्पिक आलं, सुरुवातीचा डोस आठवड्याला २२०० रुपये.

सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट २० मार्च २०२६ पर्यंतचं होतं. एम्पाग्लिफ्लोझिनचं जे झालं तोच रस्ता याचाही आहे. त्यामुळे घ्यायचंच असेल तर जुना भाव धरून बसू नका, डॉक्टरांना मूळ नावाने आजचा भाव विचारा.

पण आधी हे समजून घ्या. औषध काम करतं. मोठ्या अभ्यासात सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन कमी झालं. पण बंद केल्यावर वर्षभरात कमी झालेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे दोन महिने घेतलं, लग्नसराई झाली, सोडलं, असा हिशोब इथे चालत नाही. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ होतं, कधी पित्ताशयाचे खडे किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. चरबीबरोबर स्नायूही कमी होतात, आणि आपल्याला तर अंगमेहनतीचं काम आहे.

हे औषध साधारणपणे बीएमआय ३० पेक्षा जास्त असलेल्यांसाठी, किंवा २७ च्या वर आणि सोबत शुगर, बीपीसारखा आजार असलेल्यांसाठी आहे. उदाहरणार्थ, उंची १६५ सेंटीमीटर आणि वजन ८२ किलो म्हणजे बीएमआय ३० च्या आसपास. चार-पाच किलो पोट सुटलंय, त्याला हे औषध नाही. फिजिशियनच्या चिठ्ठीशिवाय, पक्क्या बिलाशिवाय आणि थंड साखळीशिवाय हे इंजेक्शन घेऊ नका. जिममधून, कुरिअरने किंवा ओळखीतून मिळालेलं तर नकोच.

आणि कर्ज काढून, बी-बियाण्याचा पैसा मोडून हे इंजेक्शन घ्यायची गरज नाही. बहुतेकांची शुगर स्वस्त गोळ्या नियमित घेऊन आटोक्यात राहू शकते.

'गॅरंटी'वाल्यांपासून सावध

मधुमेह आणि लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं हाच १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. चूर्ण, काढा, पट्टा, काहीही असो. अशा पुड्यांमध्ये कधी कधी शुगरची ॲलोपॅथीची गोळीच कुटून घातलेली सापडते. मग शुगर उतरते, पण डोस किती गेला हे कोणालाच माहीत नसतं. तक्रारीसाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५ आहे.

पैसे कमी पडले तर

- गोळी एक दिवसाआड किंवा अर्धी करू नका. डॉक्टरांकडे जाऊन स्वस्त गोळी लिहून घ्या.
- इन्सुलिन स्वतःहून कधीच बंद करू नका, जिवावर बेतू शकतं.
- शुगर नॉर्मल आली म्हणजे आजार गेला असं नाही, ती गोळीमुळे नॉर्मल आली आहे.
- माल विकला की तीन महिन्यांच्या गोळ्यांचे पैसे बाजूला काढा. खताची जशी सोय आधी करतो, तशी. गोळ्यांवरची मुदत मात्र बघून घ्या.
- एचबीए१सी तीन ते सहा महिन्यांनी, डोळे आणि किडनी वर्षातून एकदा तपासा. पाय रोज रात्री बघा. अनवाणी शेतात जाऊ नका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची पाकिटं आज एकदा हातात घ्या, मूळ नावं वहीत लिहा आणि पुढच्या वेळी ती वही घेऊन दवाखान्यात जा.

(वरचे भाव त्या-त्या वेळचे आहेत, घेताना पाकिटावरची किंमत बघावी. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)