अठ्ठ्याहत्तर डिग्री

यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून २००९ सालचा कॉम्प्युटर खाली काढला. भंगारवाल्याला देण्याआधी सहज कॅबिनेट उघडला, तर आत ग्राफिक्स कार्ड तसंच बसलेलं. हो, तेच. ज्याच्यावरून धाकट्याची आणि माझी जुंपली होती आणि जे मी 'जळालं' म्हणून जाहीर करून टाकलं होतं. घरच्यांना ते भांडण आठवत असेल. (आईला नक्कीच. दोन दिवस पानावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं.)

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. धाकट्याने नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला टाकून ते कार्ड घेतलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. महिनाभरात रडगाणं सुरू झालं. गेम चालू असताना स्क्रीन एकदम काळा आणि मशीन आपोआप रीस्टार्ट. घरातला कॉम्प्युटरचा जाणकार मी! तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. ७८ डिग्री. "बघ! रात्र रात्र खेळतोस, तापणार नाही तर काय होणार?" मग कॅबिनेटचं झाकण काढलं, शेजारी टेबल फॅन लावला, धूळ झटकली. मशीन बंद पडायचं काही थांबलं नाही. तो बिचारा म्हणत होता, "दादा, कधीकधी गार असतानाच बंद पडतं रे, गेम सुरू होता होता." मी ऐकलं नाही. शेवटी कार्ड 'गेलं' असं ठरलं आणि त्याने पुन्हा घेतलं नाही.

आता कॅबिनेट समोर ठेवून बसलो तेव्हा वाटलं, 'कार्ड गरम झालं म्हणजे वापरणाऱ्याने काहीतरी केलं असणार' हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं कसं बसलं होतं? थोडा इतिहास चाळला. मजा अशी की मी एकटा नव्हतो.

१९९६ साली थ्रीडीएफएक्सचं पहिलं व्हूडू कार्ड आलं तेव्हा त्याला पंखासुद्धा नव्हता. लागणारी वीज स्लॉटमधूनच मिळायची. पण चिपमध्ये जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. त्यामुळे विजेची भूक वाढली की ताप वाढणारच. दुखणी दोन दिसतात पण मूळ एक. २००० साली आलेल्या व्हूडू ५ - ५५०० वर दोन चिपा, दोन पंखे आणि हार्डडिस्कला लागतो तसला चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर होता. त्याचा थोरला भाऊ, चार चिपांचा ६०००, त्याला तर भिंतीतून वेगळी वीज देणारा स्वतंत्र डबा लागणार होता. तो कधी बाजारात आलाच नाही, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घ्यायचं ठरवलं.

मग पाळी खुद्द एनव्हिडियाची. २००३ चं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा. दोन स्लॉटची जागा खाणारा पंखा आणि आवाज असा की लोक त्याला हेअर ड्रायर म्हणायला लागले. कंपनीने स्वतःच एक विनोदी फिल्म काढली आणि त्यात हे कार्ड पाचोळा उडवायच्या यंत्रासारखं वापरून दाखवलं! स्वतःवर इतकं हसणारी कंपनी मला तरी आवडली.

पण सगळीकडे असा मोकळेपणा नव्हता. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या काही चिपा नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बिघडताहेत आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. कारणं कोणती दिली? चिप आणि तिच्या पॅकेजमधलं कच्चं मटेरियल, लॅपटॉपची उष्णता बाहेर काढण्याची रचना आणि... ग्राहकांच्या वापराची पद्धत. हे तिसरं वाचून मी थबकलोच. माझंच वाक्य, फक्त कोट घालून आलेलं.

एक्सबॉक्स ३६० चे लाल दिवे अनेकांना आठवत असतील. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षं केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च अंगावर घेतला. तोवर लोक आपण तो टीव्हीखालच्या कपाटात ठेवला म्हणून स्वतःला बोल लावत होते. काहीजण तर तो टॉवेलमध्ये गुंडाळून आणखी तापवायचे, आणि थोडा वेळ तो चालायचासुद्धा! कार्ड ओव्हनमध्ये भाजायचा प्रकार त्याच जातीचा. पुढे २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात सांगितलं गेलं की मशीन पुन्हापुन्हा तापून-गार होऊन चिपच्या आतलेच सांधे तुटत होते. म्हणजे नुसतं गरम होणं हा गुन्हा नव्हता. रोज चालू-बंद करणं, म्हणजे साधा वापर, तोच त्याला झेपत नव्हता. (भाजून सांधा काही दिवस टेकतो इतकंच, बरा होत नाही. आणि घरातल्या ओव्हनमध्ये असलं काही घालू नका, त्यात आपण केक करतो.)

विजेचं दुखणं मात्र डोळ्यांना दिसत नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला ७५ वॅट देतो, सहा पिनांची जोडणी आणखी ७५, आठ पिनांची १५०. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त ओढतंय असं मोजणाऱ्यांच्या लक्षात आलं, आणि काही दिवसांतच ड्रायव्हर बदलून ते सावरलं गेलं. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरची टोकं वितळल्याचे फोटो आले. त्याची मर्यादा ६०० वॅट. १२ व्होल्टवर ५० अँपिअर झाले, ते सहा पिनांत वाटायचे. एक पिन जरी नीट टेकली नाही तर तिचा वाटा बाकीच्यांच्या डोक्यावर. नोव्हेंबरात कंपनीने सांगितलं, ५० च्या आसपास तक्रारी आहेत आणि बऱ्याच ठिकाणी कनेक्टर पूर्ण आत बसवलेला नव्हता. खरंही असेल ते. पण पुढच्याच वर्षी त्या कनेक्टरच्या काही पिना आखूड करण्यात आल्या, म्हणजे नीट बसला नसेल तर कार्डाला कळावं. मग आधीच का नाही केल्या?

असो. आमच्या माळ्यावर परत येतो.

या वेळी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक अक्षरातला तक्ता मी २००९ मध्ये वाचलाच नव्हता: १२ व्होल्टवर १४ अँपिअर. गुणाकार करा, १६८ वॅट. त्यातच प्रोसेसर, डिस्का, पंखे आणि वर दीडशे वॅटपर्यंत जाऊ शकणारं हे कार्ड. भरीला, सहा पिनांचा कनेक्टर नव्हता म्हणून दोन मोलेक्स जोडून तयार होतो तो अ‍ॅडॅप्टर आम्ही लावला होता, आणि ते दोन्ही मोलेक्स एकाच वायरवर. ते मी लावले होते. मीच. त्यातल्या एकाचं प्लॅस्टिक पिनेभोवती करपून तपकिरी झालंय.

मल्टिमीटर लावला. नुसतं चालू असताना ११.९ व्होल्ट. कार्डावर ताण देणारा प्रोग्रॅम सुरू केला, ११.२, आणि स्क्रीन काळा. खालची मर्यादा ११.४ ची. सॉफ्टवेअरमध्ये शेवटचा आकडा दिसला तो ५२ डिग्री. म्हणजे गारच. आणि ७८? त्या काळच्या कितीतरी चिपा शंभरीच्या आसपास जाईपर्यंत हूं की चूं करत नसत.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत जाऊन बऱ्यापैकी एसएमपीएस आणला. हीटसिंक काढून वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, पंख्याच्या दांड्याला एक थेंब तेल दिलं. दोन तास ताणावर ठेवलं. पंखा घरघरतो थोडा, ७४ डिग्री, पण एकदाही बंद पडलं नाही.

रात्री धाकट्याला फोन केला. आता तो बंगळूरला असतो, त्याचा मुलगा तिसरीत. सगळं सांगितलं, व्होल्टसकट. चूक माझी होती हेही. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, त्या वायरला वास येतो म्हणून मी तेव्हा सांगितलं होतं. तू म्हणालास, नव्या प्लॅस्टिकला येतोच."

मला हे अजिबात आठवत नाही. पण मी म्हणालो असणार.

कार्ड बबल रॅपमध्ये गुंडाळून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात आई बंगळूरला जाते आहे, तिच्याबरोबर पाठवतो. एसएमपीएससकट.