कौसल्येपासून बाबासाहेबांपर्यंत

मंडळी, आता आपण १९६७ सालाकडे येऊ. अनंत पै तेव्हा मुंबईत इंद्रजाल कॉमिक्सचं काम पाहिलेले संपादक. दिल्लीत टीव्हीवर मुलांची प्रश्नमंजूषा चालली होती. मुलांना ग्रीक देव माहीत, पण रामाच्या आईचं नाव काही सांगता येईना. ही हकीकत पै स्वतःच सांगत. 'अमर चित्रकथा' उभी राहिली ती या खंतीतून. क्रमांकाने पहिले दहा अंक परदेशी गोष्टींचे. अकरावा 'कृष्ण', चित्रं राम वाईरकरांची. आम्ही इतिहास-पुराण शिकलो ते बरंचसं याच अंकांतून, हे कबूल करायला हवं.

पण मग भारत म्हणून मुलांपुढे काय ठेवलं गेलं? आधी देव, राजे, संत. बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक यायला १९७९ उजाडलं. शाळेत ज्याला पाण्याला हात लावू दिला नाही, त्या मुलाची गोष्टही याच देशाची गोष्ट, हे मालिकेत यायला बारा वर्षं लागली. तेव्हा नातवंडांसाठी पुस्तकं घेताना आपण कौसल्या जरूर सांगू; पण कपाटात कोण अजून आलेलं नाही, तेही एकदा बघू.