एकट्या पाखराची किलबिल नसते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज एका लहानशा शब्दाची गोष्ट सांगतो. शब्द आहे 'किलबिल'.

तिसरीत असताना मी निबंधात लिहिले होते, 'झाडावर एक चिमणी किलबिल करीत होती.' गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या घरी ते आजीला वाचून दाखवले. आजीला अक्षरओळख नव्हती. ती हसून म्हणाली, ''लेकरा, एकट्या पाखराची कुठं किलबिल आसती का? एक चिमणी चिवचिव करती. किलबिल म्हंजी धा-ईस पाखरं.''

आजीचे बरोबर होते. व्याकरणात अशा शब्दांना अनुकरणवाचक म्हणतात. पण किलबिल ही एका पक्ष्याची नक्कल नव्हे. अनेक लहान पाखरांचे आवाज एकमेकांत मिसळून कानावर पडतात, त्याची ती नक्कल. एकेकट्या पक्ष्यासाठी मराठीने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत. कोंबडा आरवतो, पारवा घुमतो, घुबड घुत्कारते. मोराची ती केका. अठराव्या शतकात मोरोपंतांनी देवाला घातलेल्या सादेला 'केकावली' नाव दिले. त्यात मेघाला हाक मारणारा मोर आला आणि स्वतःच्या नावातला मोरही.

एकट्या आवाजाला अर्थही चिकटतो. पिंगळा या लहान घुबडाच्या बोलीवरून भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही 'पिंगळा'च म्हणतात. आमच्याच गोदावरीच्या काठी, वर पैठणला, एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचले. किलबिलीचा शकुन मात्र कोणी पाहत नाही. पाखरे आहेत आणि सकाळ झाली आहे, एवढेच ती सांगते.

आमचा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. उर्दू शाळेत शिकलेले आजोबा याच आवाजासाठी 'चहचहाना' म्हणत. शेजारच्या तेलुगूत 'किलकिल', कन्नडात 'चिलिपिलि'. चारही भाषांत आवाजाची आवृत्ती आहे. मराठी आणि कन्नडने मात्र दुसऱ्या वेळी पहिले अक्षर बदलले. 'चिवचिव'मध्ये तोच आवाज परत येतो; 'किलबिल'मध्ये दुसरे कोणीतरी उत्तर देते.

ज्वारी हुरड्यात आली की मी गोफण घेऊन मचाणावर बसत असे. कणसांवर थवा उतरला की आजी ओरडे, ''कालवा ऐकू येईना का?'' पाखरे तीच, आवाजही तोच. झाडावर असली की किलबिल आणि पिकावर आली की कालवा! शब्द कानाने ठरतो, तसा पोटानेही ठरतो.

पुढे आमच्या शिवारातली ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन आले. सोयाबीनवर चिमण्यांचा थवा उतरत नाही, त्यामुळे राखणीलाही कोणी बसत नाही. मचाण गेले, गोफण गेली, कालवा गेला. 'किलबिल' उरली ती बालवाडीच्या पाटीवर.

गेल्या सुट्टीत नातीने ती पाटी वाचून विचारले, ''आजोबा, किलबिल म्हणजे काय?'' अंगणात एकच चिमणी होती. मी तिच्याकडे बोट दाखवणार, इतक्यात आजी आठवली आणि हात खाली घेतला.

यंदा बांधाच्या कडेने चार काकऱ्या ज्वारी पेरली आहे. तिची राखण करणार नाही.