वणव्याची पट्टी १०० वर का संपत होती?

आज एका आकड्याची गोष्ट. १०० ची. परीक्षेतले नाहीत, वणव्याचे.

१३ जानेवारी १९३९, शुक्रवार. ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य. मेलबर्नचा पारा ४५.६ अंशांवर, आधीच दुष्काळ, त्यात उत्तरेकडून कोरडा, सुसाट वारा. (हो, उत्तरेकडून. तिकडे तापलेला कोरडा प्रदेश उत्तरेला आहे, डोक्यातला नकाशा जरा फिरवा.) त्या वणव्यांत ७१ माणसं गेली. हाच 'ब्लॅक फ्रायडे'.

पुढे १९५० आणि ६० च्या दशकांत ॲलन मॅकआर्थर या वनसंशोधकाने शेकडो आगी मुद्दाम लावल्या, मोजून-मापून! त्यातून एक गोल तबकडी तयार झाली. तापमान, हवेतला दमटपणा, वाऱ्याचा वेग आणि पालापाचोळा किती सुकलाय, हे जुळवून चकत्या फिरवायच्या की आकडा मिळतो. आग कुठे लागेल हे तो सांगत नाही. लागलीच तर किती भडकेल आणि आवरेल का, एवढंच सांगतो.

पण पट्टी संपवायची कुठे? ब्लॅक फ्रायडेसारखा दिवस म्हणजे १००. ५० च्या पुढे सगळ्याला एकच शब्द, 'एक्स्ट्रीम'.

मी इथे वाचताना थबकलो. १०० ही निसर्गाची हद्द नव्हतीच. ती माणसांची आठवण होती.

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. मेलबर्न ४६.४ अंश. अनेक ठिकाणी आकडा १०० च्या पार. इशारा नव्हता असं नाही, आदल्या दिवशी राज्याचे प्रीमियर जॉन ब्रम्बी यांनी स्वतः लोकांना सावध केलं होतं. पण पट्टीवरचा शब्द तोच, जो ५५ लाही लागायचा. आणि तेव्हाचा सरकारी सल्ला असा, की वेळेत निघा, नाहीतर तयारीनिशी थांबून घर वाचवा. १७३ माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त घरातच. दोष एकट्या शब्दाचा नाही, पण ६० आणि १६० ला एकच नाव असेल तर माणसाने फरक ओळखायचा कसा?

त्यानंतर १०० च्या वर नवी पायरी आली, 'कॅटॅस्ट्रॉफिक', व्हिक्टोरियात 'कोड रेड'. अर्थ साधा: घराचा विचार सोडा, आधीच निघून जा. १ सप्टेंबर २०२२ पासून देशभर नवी पद्धत आली. ती जंगल, गवत, झुडपं यांचा हिशोब वेगवेगळा करते. मॅकआर्थरची तबकडी मागे पडली. रस्त्याकडेच्या अर्धगोल रंगीत पाटीवर आता चारच पायऱ्या आहेत, आणि शेवटची कॅटॅस्ट्रॉफिकच आहे.