मूर्तिपूजा व अविश्वासूपणा : आध्यात्मिक परिणाम

शलमोनाच्या मृत्यूनंतर उत्तरेकडील इस्राएल राज्यात यराबाम राजाने बेथेल व दान येथे सोन्याची वासरे उभारली (१ राजे १२). प्रजेने यरुशलेमेच्या मंदिराकडे जाऊ नये, हा त्यामागील हेतू. राजाने सिंहासन राखण्यासाठी उपासनाच वापरली.

इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन नगर अश्शूरच्या हाती पडले. या पतनाचे कारण पवित्र शास्त्र सैन्याच्या दुर्बलतेत नव्हे, तर करारभंगात पाहते (२ राजे १७). निरर्थकाच्या मागे लागलेले लोक स्वतःच निरर्थक झाले. मनुष्य ज्याची आराधना करतो त्याच्यासारखा होतो. मूर्तिपूजेचा हा सर्वांत खोल परिणाम होय.

होशेय संदेष्ट्याने या अविश्वासूपणाला वैवाहिक निष्ठेचा भंग म्हटले. परंतु देव आपल्या प्रजेला परत बोलावतो, हेही त्यानेच सांगितले.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथानुसार (परिच्छेद २११३) सत्ता, सुख, वंश, राज्य वा पैसा यांना देवाचे स्थान देणे हीदेखील मूर्तिपूजाच आहे. म्हणून इतरांकडे बोट न दाखवता आपण आपल्याच अंतःकरणातील वेदी तपासू या. प्रायश्चित्त संस्कारात परतीची वाट आपल्यासाठी खुली आहे.