‘डेव्हिड’ कोठे उभारायचा?

२५ जानेवारी १५०४. प्रबोधनकालीन फ्लॉरेन्समध्ये सुमारे ३० जाणकारांची सभा भरली. प्रश्न एकच: मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ कोठे उभारायचा? सभेत लिओनार्दो दा विंची होता, बोत्तिचेल्लीही होता.

आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट सोडलेली, कित्येक दशके पडून राहिलेली संगमरवराची शिळा मायकेलअँजेलोने वयाच्या २६व्या वर्षी हाती घेतली होती. त्यातून साकारली पाच मीटरांहून उंच मूर्ती.

लिओनार्दोने कमानींच्या छपराखालची, भिंतीलगतची जागा सुचवली. दगडाच्या काळजीपोटी की तरुण प्रतिस्पर्ध्यामुळे, कोण जाणे!

१४९४ मध्ये मेदिची घराण्याला हाकलून देणाऱ्या प्रजासत्ताकाने मात्र गोलिअथला लोळवणारा हा पोर थेट शासनभवनाच्या दारात उभा केला. तेथे नेतानाच रात्री मूर्तीवर दगडफेक झाली. १५२७च्या दंगलीत तिचा डावा हात मोडला. उन्हापावसापासून वाचवण्यासाठी १८७३ मध्ये ती अखेर छताखाली हलवावी लागली.