व्यापाऱ्यांचा वकील : टॉमस मॉस्टिन

1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी आणि आपले करंजा ही बेटे इंग्रजांकडे कायम राहिली. हा तह पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु या बेटांच्या मागणीसाठी दहा वर्षे आधी पुण्यात जाऊन बसलेल्या टॉमस मॉस्टिनचे नाव आपल्याकडे क्वचितच निघते.

मॉस्टिन हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतील नोकर. कंपनी मुळात व्यापारी. तिने वकील पाठविला तरी हिशेब पेढीचाच. 1767 साली त्याला पुण्यास धाडले. वरकरणी काम सलोख्याचे. आतले काम, माधवराव पेशवे हैदराशी वा निजामाशी हातमिळवणी करतात काय हे पाहण्याचे आणि काका-पुतण्यांतील बेबनाव किती खोल आहे हे जोखण्याचे. राघोबादादांकडे त्याच वेळी ब्रोम नावाचा दुसरा इसम गेला होता.

1772 साली मॉस्टिन पुन्हा आला, तो मुक्कामाला. या खेपेस हवी होती साष्टी, वसई आणि मुंबईलगतची बेटे. मागून ती मिळेनात. मात्र त्याच्या डोळ्यांदेखत दरबार खिळखिळा होत गेला. नोव्हेंबर 1772 मध्ये थेऊरास माधवराव वारले. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणरावांचा खून झाला. पुण्याची खबर मुंबईस पोचत होती. 1774 च्या डिसेंबरात कंपनीच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला. साष्टी गेली आणि करंजाही त्याच फेऱ्यात सापडले. वाटाघाटीने न मिळालेला माल घरातल्या भांडणाचा मोका साधून उचलला गेला.

आता या माणसाची तिसरी भूमिका पाहा. 1778 साली राघोबादादांना गादीवर बसविण्यासाठी मुंबईची फौज निघाली, तेव्हा तिच्यावर नेमलेल्या तिघांच्या समितीत कार्नाक व एगर्टन यांच्याबरोबर मॉस्टिन होता. आपल्या पनवेलपाशी या फौजेचा तळ पडला. फौज घाटावर चढली की दादांचा पक्ष उठेल, असा मुंबईकरांचा हिशेब होता. पण ज्या मोरोबा फडणिसांवर भिस्त, ते आधीच कैदेत पडले होते. नामांकित सरदार कोणी येऊन मिळाला नाही. मॉस्टिन आजारी होऊन मुंबईस परतला व 1 जानेवारी 1779 रोजी वारला. पंधरवड्यातच वडगावला इंग्रजांना शरणागतीचा करार करावा लागला. मुंबईने पुढे तो नाकारला आणि लढाई आणखी तीन वर्षे चालली.

कामगारांत वावरणाऱ्याला ही तऱ्हा अनोळखी नाही. मालकाचा माणूस प्रथम कोण कोणाशी बोलत नाही एवढेच टिपतो, मग वाटाघाटीला बसतो, शेवटी सल्ला देतो. त्याच्या कसबापेक्षा आपली फूट त्याला अधिक उपयोगी पडते. मात्र दिवाणखान्यातली कुजबुज ऐकणाऱ्याला बाहेरच्या माणसांचे मन कळतेच असे नाही. वडगाव हा त्याचा दाखला.

सालबाईस बेटांचा निकाल लागला, तेव्हा करंज्याच्या कोळ्याला, आगऱ्याला किंवा मिठागरात राबणाऱ्याला कोणी विचारले नाही. 1984 च्या जानेवारीत याच उरण तालुक्यात जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. त्यांची मागणी साधी होती : आमच्या जमिनीचा सौदा आम्हांला वगळून होऊ नये. मॉस्टिनचे चरित्र वाचावयाचे ते हे ध्यानात ठेवून.